स्वीडनमधलं मूळ गाव आणि तिथले नातलग: शोधापासून भेटीपर्यंत

माझ्या नवऱ्याचे पणजोबा १८८७ साली स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातून मिनेसोटात आले. घरात त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचा एक फोटो आणि एक प्रार्थनेचं पुस्तक होतं, आणि "आपण स्मोलांडचे" हे वाक्य तीन पिढ्या तोंडी चालत आलं होतं. मी नाशिकची. आपलं मूळ गाव, कुलदैवत, भाऊबंद कुठे आहेत हे माहीत असणं मला श्वासाइतकं साधं वाटायचं. माझ्या मुलांच्या निम्म्या घराण्याला गावच नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. तीन वर्षं शोध चालला. चौथ्या वर्षी जूनमध्ये आम्ही पणजोबांच्या सख्ख्या बहिणीच्या पणतूच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत आता स्वीडिश मुळांचे जावई-सुना आहेत. साधारण १८५० ते १९३० या काळात सुमारे तेरा लाख स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली, आणि मिनेसोटा, इलिनॉय भागात त्यांची वस्ती दाट. तेव्हा हा लेख अशा घरांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला आमचं पहिलं वर्ष गेलं: आडनावाच्या मागे लागू नका, पॅरिश शोधा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं-वाड्या. स्वीडिश भाषेत तिला सॉकेन म्हणतात. स्वीडनमधली सगळी जुनी नोंद पॅरिशवार आहे. पॅरिश आणि जन्मतारीख हाती आली की माणूस सापडतोच म्हणा. ती नसेल तर सरकारी दफ्तर कितीही चांगलं असो, त्याचं दार उघडत नाही.

आधी घर धुंडाळा

शोधाची सुरुवात स्वीडनच्या संकेतस्थळांवर करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, डबे उघडा, फोटोंच्या पाठी बघा. फोटोवर स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यात गावाचं नाव असतं. प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, तारीख, कधी गावही लिहिलेलं असतं.

मग अमेरिकेतली कागदपत्रं. इथे वेळ वाचवण्यासाठी सांगते, नागरिकत्वाच्या जुन्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. १९०६ पूर्वीच्या कागदांत बहुतेक वेळा 'स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो' एवढंच असतं, जन्मगाव नसतं. मृत्यूच्या दाखल्यातही पुष्कळदा नुसतं 'स्वीडन' लिहिलेलं.

खरा ठेवा चर्चमध्ये आहे. स्वीडिश स्थलांतरितांनी अमेरिकेत लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या, मंडळ्या उभ्या केल्या. १८६० साली त्यांची ऑगस्टाना सिनॉड ही संघटना झाली. या चर्चांचे पाद्री मायदेशातल्या पद्धतीनेच वह्या ठेवत, आणि सभासदाच्या नावापुढे जन्मतारीख व स्वीडनमधली पॅरिश लिहीत. आम्हाला पॅरिशचं नाव अशाच एका वहीत मिळालं. इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथे ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन सेंटर हे स्थलांतराच्या अभ्यासाचं केंद्र आहे. तिथे अशा शेकडो मंडळ्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म आहेत. पणजोबा ज्या गावात राहिले, तिथलं स्वीडिश चर्च कोणतं हे आधी काढा आणि मग तिथे विचारा.

नावांचा गुंता सोडवा

मराठी माणसाला ही गोष्ट चटकन कळते. जुन्या स्वीडनमध्ये शेतकरी घरांत आडनाव नसे. आन्देर्सचा मुलगा तो आन्देर्सोन, मुलगी ती आन्देर्सडॉटर. म्हणजे आपण मधल्या जागी बापाचं नाव लिहितो तेच तिथे शेवटी. त्यामुळे योहान आन्देर्सोनचा मुलगा कार्ल झाला तर तो कार्ल योहान्सोन. दर पिढीला शेवटचं नाव बदलतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रीत हळूहळू मोडली आणि बापाचंच 'सोन' पुढे आडनाव म्हणून चिकटलं. बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. जन्मनावावरच मरेपर्यंत नोंद. स्त्रियांचा माग काढायला हे फार सोयीचं आहे. आपल्याकडच्या वंशावळींत बाईचं माहेरचं नाव पुसलं जातं, तिथे ते टिकतं.

सैनिकांची गोष्ट वेगळी. एका कंपनीत पाच आन्देर्सोन असले तर हाक कुणाला मारायची? म्हणून शिपायाला छोटं, खणखणीत नाव मिळे: रास्क म्हणजे चपळ, मूडिग म्हणजे शूर, स्टोल म्हणजे पोलाद. भाऊ आन्देर्सोन आणि एकटा रास्क असं दिसलं तर गोंधळू नका, तो सैन्यात होता एवढंच.

अमेरिकेत नावं आणखी बदलली. योहान्सोनचा जॉन्सन, निल्सोनचा नेल्सन, कार्ल्सोनचा कार्लसन झाला. शेर्स्टिनची क्रिस्टिन, पेरचा पीटर. म्हणून इंग्रजी नाव घेऊन स्वीडिश वह्यांत शिरू नका; मूळ नाव काय असेल याची यादी आधी कागदावर काढा. शिवाय स्वीडिश वर्णमालेच्या शेवटी तीन जादा अक्षरं आहेत: गोल टोपीचा 'ए', दोन ठिपक्यांचा 'ए' आणि दोन ठिपक्यांचा 'ओ'. ती वेगळी अक्षरं आहेत, नुसती सजावट नव्हे. ठिपके गाळले की दुसरंच गाव निघतं. १९०६ मध्ये शुद्धलेखनही सुधारलं, त्यामुळे जुन्या वह्यांत त्याच गावाची अक्षरं निराळी दिसतील.

प्रवाशांच्या याद्या

चर्चची वही मिळाली नाही तर बंदरातून माग काढता येतो. बहुतेक लोक योतेबोर्य, म्हणजे इंग्रजीतल्या गोथेनबर्ग बंदरातून निघत. तिथून जहाजाने इंग्लंडमधलं हल, मग रेल्वेने लिव्हरपूल आणि तिथून मोठ्या जहाजाने अमेरिका. योतेबोर्यच्या पोलिसांनी १८६९ पासून या प्रवाशांच्या याद्या ठेवल्या. त्यात नाव, वय, शेवटचं राहतं ठिकाण आणि कुठे जायचं ते असे. त्यांचा शोध संगणकावर होतो.

इथेच आमची चूक झाली. यादीत योर्ट्सबेर्या असं पॅरिशचं नाव मिळालं आणि आम्ही आनंदाने ब्लेकिंगे प्रांतातल्या योर्ट्सबेर्याच्या वह्या दोन महिने वाचल्या. त्याच नावाची दुसरी पॅरिश स्मोलांडमध्ये, आल्वेस्ताजवळ आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वीडनमध्ये एका नावाच्या दोन-तीन पॅरिशी असणं नवलाचं नाही. नावासोबत लेन, म्हणजे जिल्हा, नेहमी तपासा. आणि यादीतलं ठिकाण हे शेवटचं राहतं ठिकाण असतं, जन्मगाव असेलच असं नाही. तरुण मुलं-मुली गडी, मोलकरीण म्हणून दरवर्षी पॅरिश बदलत.

घरवार वही: सगळ्या शोधाचा गाभा

१६८६ च्या चर्च कायद्याने स्वीडनच्या पाद्र्यांवर नोंदी ठेवणं बंधनकारक केलं: जन्म-बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. या सगळ्यांहून मोलाची वही म्हणजे हूसफोरहोर्सलेंगड. मी तिला घरवार वही म्हणते. पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांना बोलावून लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीची परीक्षा घेई. वाचता येतं का, पाठ किती, समज किती, याच्या खुणा वहीत करी. एक वही साधारण पाच ते दहा वर्षं चाले. पान एका शेताचं किंवा वाडीचं असे आणि त्यावर मालक, बायको, मुलं, म्हातारी आई, गडी, मोलकरणी, आश्रित असे सगळे एकाखाली एक. पुढे जन्मतारीख, जन्माची पॅरिश, लग्न, देवीची लस घेतली का, कुठून आला, कुठे गेला, कधी वारला.

पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवल्या. तिथे आपल्या आजोबांनी कधीकाळी केलेली सही असते, घराण्याची नावं असतात. इथे तर घरात नुकत्याच आलेल्या मोलकरणीच्या वाचनाचीही खूण होती.

वाचायची रीत अशी. ज्या वर्षी माणूस अमेरिकेला गेला त्या वर्षाच्या वहीत त्याचं नाव शोधा. माणूस गेला किंवा वारला की पाद्री ओळ खोडून टाकी. पणजोबांच्या नावावर आडवी रेघ होती आणि पुढे 'उत्तर अमेरिका' असं संक्षेपात लिहून तारीख टाकलेली. त्याच पानावर वरती आई-वडील आणि खाली पाच भावंडं होती. मग आधीच्या वहीत तीच वाडी शोधा. मागच्या वहीतलं पान कुठलं याची खूणही बरेचदा समासात असते. असं एक-एक वही मागे जात राहा, आणि दर पिढीला जन्मवहीत खात्री करून घ्या. बाप्तिस्म्याचे साक्षीदार कोण हेही टिपून ठेवा. ते बहुधा काका, मावशी, शेजारी असतात आणि अडलेला धागा त्यांच्यामुळे सुटतो.

१८९५ च्या सुमारास ही वही बदलून फोरसामलिंग्सबूक आलं. त्यात धर्माची परीक्षा नाही, बाकी रचना तीच.

अक्षर हा मोठा अडसर. १८०० च्या आधीचं अक्षर जर्मन वळणाचं असतं, आणि जुन्या तारखा कधी आकड्यांत नसून चर्चच्या सणांवर लिहिलेल्या असतात. शिवाय १७५३ मध्ये पंचांग बदललं: १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. अक्षर वाचायचा एकच उपाय मला लागू पडला: ओळखीच्या नावांतून त्या पाद्र्याचं 'क', 'स', 'ह' कसं आहे ते कागदावर गिरवून घ्यायचं आणि त्या तक्त्याने बाकीचं वाचायचं. वीस-पंचवीस शब्द पाठ झाले की पान उलगडतं. बोंडे म्हणजे जमीनवाला शेतकरी, टोरपारे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून मजुरीच्या बदल्यात राहणारा, ड्रेंग म्हणजे गडी, पीगा म्हणजे मोलकरीण, एन्का म्हणजे विधवा, इनहीसेस म्हणजे दुसऱ्याच्या घरात आसऱ्याला राहणारा.

या वह्या रिक्सअर्कीवेट, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर २०१८ पासून फुकट बघता येतात. अर्कीव डिगिटाल ही खासगी सेवा वर्गणी घेते, पण तिची छायाचित्रं रंगीत आहेत, पुसट शाई वाचायला त्याचा खरोखर उपयोग होतो. मला विचाराल तर आधी फुकटच्यावर हात बसवा आणि अडलं की महिन्या-दोन महिन्यांची वर्गणी भरा. सत्तर वर्षांच्या आतल्या नोंदी गोपनीयतेमुळे सहसा उघड नसतात. १९९१ च्या जुलैपासून लोकसंख्येची ही नोंद चर्चकडून कर खात्याकडे, स्काट्टेवेर्केटकडे गेली.

मागून पुढे या: जिवंत नातलग

बहुतेक लोक मागे मागे जातात आणि १७०० पर्यंत पोचून थांबतात. भेटायला माणूस हवा असेल तर उलटं चालायला लागतं. पणजोबांची जी भावंडं गावात राहिली, त्यांच्यापैकी एकेकाला धरून पुढे या. कुणाचं लग्न कुठे झालं, मुलं किती, ती कुठल्या पॅरिशला गेली. आमच्या पाच भावंडांत दोघं लहानपणीच वारलेली, एक भाऊ अमेरिकेलाच गेलेला. बहिणीच्या वंशाने आम्हाला वर्तमानात आणलं.

इथे दोन गोष्टी कामाला येतात. एक, स्वेरियेस डोडबूक, म्हणजे मृत्यूंची सूची. वंशशोधकांच्या राष्ट्रीय महासंघाने ती काढली आहे. दुसरी, बूउपटेकनिंग: माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेची आणि वारसांची जी यादी होते ती. १७३४ च्या कायद्यापासून ती न्यायालयात दाखल होई. तिच्यात गाई, भांडी, कर्ज यांच्याबरोबर प्रत्येक वारसाचं नाव आणि तो कुठे राहतो हे लिहिलेलं असतं. अमेरिकेत गेलेल्या मुलाचंही नाव असतं. आपल्याकडची वारस-नोंद ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा कागद परका वाटणार नाही. पणजोबांच्या आईच्या यादीत एक गाय, दोन मेंढ्या, एक चरखा आणि 'मुलगा, उत्तर अमेरिकेत' असं होतं. नवऱ्याने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आजची नावं कळल्यावर पत्ता शोधणं स्वीडनमध्ये अवघड नाही. सरकारी कागद लोकांना खुले असण्याची परंपरा तिथे १७६६ च्या कायद्यापासूनची आहे, आणि बहुतेकांचा पत्ता, वय इंटरनेटवरच्या निर्देशिकांत सापडतं. डीएनए चाचणीही उपयोगी पडते, पण कागदाच्या जोडीला, कागदाऐवजी नाही.

पत्र लिहा, फोन करू नका

अनोळखी माणसाने अचानक फोन केलेला स्वीडिश लोकांना आवडत नाही. कागदावर पत्र पाठवा. एक पान पुरे. पहिल्याच ओळीत नातं सांगा: तुमची पणजी आणि माझे पणजोबा सख्खी भावंडं. जोडीला छोटी वंशावळ, एक जुना फोटो, एक तुमच्या कुटुंबाचा आजचा फोटो. मजकूर सोप्या इंग्रजीत, शक्य तर स्वीडिश भाषांतरासह. आणि स्पष्ट लिहा की वारसाहक्काशी, पैशाशी याचा काही संबंध नाही. ही शंका माणसाच्या मनात येणं साहजिक आहे. येऊ का असं पहिल्या पत्रात विचारू नका. उत्तर यायला दोन महिने लागले तरी धीर धरा. आम्हाला सात आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत पणजोबांनी १८९१ मध्ये बहिणीला पाठवलेल्या पत्राचा फोटो होता.

प्रवासाची आखणी

मे अखेर ते जूनचा मध्य किंवा ऑगस्ट हा काळ चांगला. जुलैत अर्धा देश सुट्टीवर जातो, लहान कार्यालयं बंद किंवा अर्धवेळ असतात. मिडसमर, म्हणजे १९ ते २५ जूनमधला शुक्रवार, हा त्यांच्या घरचा सण. बोलावलं तर जरूर जा, पण त्या दिवशी अभिलेखागारात काम होईल अशी आशा ठेवू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, पंधरा दिवसांहून कमी उरले असताना करू नका. प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. नातलगाचं निमंत्रणपत्र अर्जाला जोडा.

स्मोलांडला जायला कोपनहेगनचा विमानतळ सोयीचा. तिथून थेट रेल्वे आल्वेस्ता, वेक्श्योला जाते. वेक्श्योत 'स्थलांतरितांचं घर' हे संग्रहालय १९६८ पासून आहे, तिथे एक दिवस द्या. गावाकडे मात्र गाडी भाड्याने घ्यावीच लागते. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर मूस, म्हणजे तिथली मोठी हरणं, येतात, वेग कमी ठेवा.

निघण्यापूर्वी त्या पॅरिशच्या हेमबिग्ड्सफोरेनिंगला ईमेल करा. ही गावाच्या वारशाची स्थानिक संस्था, बहुतेक पॅरिशींत असते. कुठल्या खोपटाचा पाया जंगलात कुठे आहे हे नकाशापेक्षा तिथल्या म्हाताऱ्यांना जास्त ठाऊक. आमच्यासोबत सत्तरीचे एक गृहस्थ आले. झाडीत शिरून त्यांनी शेवाळलेल्या दगडांचा चौकोन दाखवला, एका कोपऱ्यात चुलीचे दगड ढासळलेले. बाजूला दगडांचा मोठा ढीग होता. शेत करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेले ते दगड. एवढ्या दगडांतून पाच पोरांचं पोट भरणार कसं, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

जंगलात फिरायची सगळ्यांना मुभा असते, पण कुणाच्या घराच्या आवारात किंवा उभ्या पिकात शिरू नका. आणि थडगं मिळेलच अशी अपेक्षा नको. तिथे कबरीचा हक्क ठराविक मुदतीचा असतो, साधारण पंचवीस वर्षांचा, आणि नूतनीकरण झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाते.

त्यांच्या घरी

वेळेवर पोचा, अगदी मिनिटावर. दारात बूट काढा, हे आपल्याला शिकवायला नको. वयाने कितीही मोठा माणूस असो, नावाने आणि एकेरी हाक मारतात. ऐंशी वर्षांच्या आजींना 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळली, पण त्यांना तेच हवं होतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा. कॉफीसोबत येणाऱ्या पावात वेलदोडा असतो. तो वास आला आणि मला घरचं वाटलं.

नात्याची भाषा तर मराठी माणसासाठीच केलेली. फास्टर म्हणजे आत्या, मोस्टर म्हणजे मावशी, मोरब्रोर म्हणजे मामा, फारब्रोर म्हणजे काका. आजीसुद्धा आईकडची मोरमोर आणि वडिलांकडची फारमोर. इंग्रजीत 'आंटी' आणि 'ग्रॅनी' यांत सगळं मिसळून जातं. नवऱ्याचं आणि त्या घरच्या मालकाचं नातं त्यांच्या भाषेत फीरमेनिंग. सामाईक पूर्वजापासून चौथी पिढी, शब्दातच मोजलेली.

सोबत वंशावळीच्या दोन प्रती न्या, एक त्यांच्यासाठी. जुन्या फोटोंच्या प्रती न्या. त्यांचे अल्बम, बायबल, पत्रं यांचे फोटो विचारून काढा, मूळ वस्तू मागू नका. फोटोतल्या माणसांची नावं सांगणारी व्यक्ती समोर आहे तोवर एकेक नाव लिहून घ्या, आवाजही रेकॉर्ड करा. आम्ही पहिल्या दिवशी कॉफीत रमलो आणि अल्बम दुसऱ्या दिवसावर टाकला. त्या आजी दुसऱ्या दिवशी थकल्या होत्या, आणि सात फोटो बिननावाचे राहिले.

जेवण झाल्यावर 'टाक फोर माटेन' म्हणजे जेवणासाठी आभार, असं म्हणून उठायचं. परत आल्यावर आठवड्याच्या आत पत्र किंवा फोटो पाठवा, आणि पुढच्या वेळी बोलणं होईल तेव्हा पहिलं वाक्य 'टाक फोर सेनास्ट', मागच्या भेटीबद्दल आभार. त्या सात फोटोंच्या प्रती आम्ही पाठवल्या. मार्चमध्ये त्यांच्या नातीकडून पाकीट आलं, चार फोटोंच्या मागे आजींच्या थरथरत्या अक्षरात नावं होती.